अमेरिकेत विश्वास उडालाय म्हणजे नेमका कुठून उडालाय?

उत्तरध्रुव

नोव्हेंबर २०२० मध्ये मी पहिल्यांदा मतदान केंद्रावर काम केलं. मिनिआपोलिसच्या उत्तरेला, एका चर्चच्या तळघरात. या कामाला इथे ‘इलेक्शन जज’ असं भारदस्त नाव आहे. प्रत्यक्षात सह्या घ्यायच्या, मतपत्रिका द्यायच्या, रांग हलती ठेवायची आणि जाताना प्रत्येकाला ‘मी मत दिलं’चा लाल स्टिकर द्यायचा. मिनेसोटाचा कायदा सांगतो की एका केंद्रावरच्या जजांपैकी निम्म्याहून जास्त जण एकाच मोठ्या पक्षाचे असता कामा नयेत. माझ्या शेजारच्या खुर्चीवरच्या निवृत्त बाई पक्क्या रिपब्लिकन. सकाळी सातला दार उघडलं ते रात्री आठला बंद. मग यंत्रातून निघालेली लांबलचक पट्टी, सह्यांची संख्या, उरलेल्या कोऱ्या मतपत्रिका, हे सगळं जुळेपर्यंत कुणी घरी जायचं नाही. जुळलं. बाईंनी सही केली, मी केली. निघताना त्यांनी केळ्याच्या केकचा एक तुकडा मला फॉइलमध्ये गुंडाळून दिला.

दोन आठवड्यांनी त्याच बाई वाणसामानाच्या दुकानात भेटल्या. “निवडणूक चोरली,” म्हणाल्या. मी म्हटलं, अहो, मोजणीला आपणच होतो की! “आपल्याकडे नाही गं. तिकडे. फिलाडेल्फियात, अटलांटात.”

आता अटलांटा ज्या जॉर्जियात आहे, तिथे सुमारे पन्नास लाख कागदी मतपत्रिका पुन्हा हाताने मोजल्या गेल्या. ती मोजणी ज्यांच्या देखरेखीखाली झाली ते जॉर्जियाचे निवडणूक बघणारे अधिकारी ब्रॅड रॅफेन्सपर्गर स्वतः रिपब्लिकन. निकालाविरुद्धचे साठएक खटले कोर्टात टिकले नाहीत. काही तर ट्रम्प यांनीच नेमलेल्या न्यायाधीशांसमोर पडले. बाईंना पुढे हे सगळं कळलं. तरी ‘तिकडे’.

हे एकाच बाजूचं नाही. १३ जुलै २०२४ ला पेनसिल्व्हेनियातल्या बटलरला ट्रम्प यांच्यावर गोळी झाडली गेली, सभेला आलेला एक माणूस मेला. संध्याकाळी माझी शेजारीण, कट्टर डेमोक्रॅट, शाळेत विज्ञान शिकवणारी, म्हणते, “नाटक असणार.” मी तोंडात मारल्यासारखी गप्प झाले.

जनमताचा अभ्यास करणाऱ्या प्यू संस्थेने जमवलेल्या पाहण्यांनुसार १९५८ साली चारातले जवळपास तीन अमेरिकन म्हणत, वॉशिंग्टनचं सरकार बहुतेक वेळा योग्य तेच करील. आता पाचातला एखादा म्हणतो. मध्ये व्हिएतनाम, वॉटरगेट, इराकमधली न सापडलेली अस्त्रं, २००८ मध्ये बँकांना वाचवायला काढलेले ७०० अब्ज डॉलर. लोक संशयी झाले यात नवल नाही. पण तो आकडा नीट पाहा: व्हाइट हाउसमध्ये आपला पक्ष आला की त्या पक्षाच्या लोकांचा सरकारवरचा विश्वास वाढतो, दुसऱ्यांचा पडतो. म्हणजे लोक संस्थेला पारखत नाहीत, तिथे कोण बसलंय तेवढं बघतात. दंगलीचंही तेच. कोणी पेटवलं ते कळल्याशिवाय पेटवणं वाईट की नाही हे ठरत नाही.

असा माझा मुद्दा. खोडून काढा.

टेक्सासकर

ताई, अनुभव सुरेख लिहिलात, पण संशयाला वेडेपणा ठरवायची घाई केलीत. तुमच्याच मिनेसोटात मतदानाच्या दिवशी नाव नोंदवता येतं. पत्त्याचा कागद नसेल तर शेजारी शपथेवर सांगू शकतो की हा इथेच राहतो, आणि एक मतदार अशी आठ जणांची हमी देऊ शकतो. ज्यांनी आयुष्यभर ओळखपत्र दाखवून, बोटाला शाई लावून मत दिलं त्या आपल्यासारख्यांना हे ऐकून धक्का बसत नाही का? मला बसला. विचारलं तर मी लगेच ‘वर्णद्वेषी’.

दुसरं, संस्थांनी विश्वास स्वतःच्या हाताने घालवला. २०२० च्या वसंतात करोनामुळे इथे अंत्यविधीलाही माणसं मोजून जाऊ देत होते. माझ्या मित्राने वडिलांचे अंत्यसंस्कार झूमवर पाहिले. आणि जूनमध्ये हजाराहून जास्त आरोग्यतज्ज्ञ सह्या करून सांगतात की पोलिसांच्या हातून जॉर्ज फ्लॉइड मेल्यावर निघालेले मोर्चे मात्र सार्वजनिक आरोग्यासाठी आवश्यक आहेत. त्या ऑगस्टमध्ये विस्कॉन्सिनमधल्या केनोशात गाड्या जळतायत, वार्ताहर आगीसमोर उभा, आणि सीएनएनच्या पडद्यावर खाली पट्टी: आगीचे, पण बहुतांशी शांततापूर्ण मोर्चे. केनोशात जळलेल्या गाड्यांचा व्यवसाय एका भारतीय वंशाच्या कुटुंबाचा होता, हे किती मराठी लोकांना माहीत आहे? हे पाहिलेल्या माणसाने उद्या त्याच तज्ज्ञांवर आणि त्याच वाहिनीवर का विसंबावं?

लेकस्ट्रीट

टेक्सासकर, मी तेव्हा मिनिआपोलिसच्या लेक स्ट्रीटपासून चार गल्ल्यांवर राहत होतो, म्हणून जळण्याबद्दल मला शिकवू नका. २८ मे २०२० च्या रात्री थर्ड प्रिसिंक्ट, म्हणजे आमचं पोलीस ठाणं, पेटलं. पोस्ट ऑफिस गेलं. औषधाचं दुकान गेलं. सोमाली आणि मेक्सिकन लोकांची छोटी दुकानं गेली, ज्यांतल्या कित्येकांचा विमा अपुरा होता. मिनिआपोलिस आणि शेजारचं सेंट पॉल मिळून नुकसान पन्नास कोटी डॉलरच्या घरात. सकाळी खिडकीच्या चौकटीवर राख बोटाने पुसली तर काळी रेघ उठायची. आम्ही शेजारी पाळीपाळीने बागेचे पाइप जोडून बाहेर बसायचो.

पण तुम्ही गोष्ट जूनपासून सुरू करता. मी २५ मेपासून करतो. त्या रात्री मिनिआपोलिस पोलिसांनी जे पहिलं निवेदन काढलं त्याचा मथळा होता: पोलिसांशी संबंध आला असताना वैद्यकीय घटनेनंतर एका माणसाचा मृत्यू. वैद्यकीय घटना! मानेवर नऊ मिनिटांहून जास्त वेळ टेकलेल्या गुडघ्याचा उल्लेख नाही. सतरा वर्षांच्या एका मुलीने फोनवर चित्रण केलं नसतं तर जॉर्ज फ्लॉइड हा माणूस त्या निवेदनात गाडला गेला असता. मग खटला, शिक्षा, गुडघा टेकणाऱ्या पोलिसाला, डेरेक शॉव्हिनला, साडेबावीस वर्षं, हे काहीच घडलं नसतं.

तर मला सांगा, ज्याला संस्थेने पहिल्याच कागदावर खोटं सांगितलं त्याने कुणावर विश्वास ठेवायचा? उत्तरध्रुवताई, तुमच्या ‘तिकडे’ला माझा आक्षेप इथे आहे. काहींसाठी ते तिकडे नसतं. गल्लीच्या टोकाला असतं.

खडूसआजोबा (पुणे ३०)

एवढा ऊहापोह कशाला? आपला तो बाब्या, दुसऱ्याचं ते कार्टं. आमच्या सोसायटीच्या निवडणुकीत पाण्याच्या टाकीवरून हेच चालू आहे.

न्यूजर्सीवाली

आजोबा, हसू नका. अमेरिकेतल्या एका जुन्या पाहणीत विचारलं होतं, मुलाने किंवा मुलीने दुसऱ्या पक्षाच्या घरात लग्न केलं तर वाईट वाटेल का? १९६० मध्ये ‘हो’ म्हणणारे शंभरात जेमतेम पाच होते. २०१० मध्ये तसाच प्रश्न विचारला तर निम्मे रिपब्लिकन आणि एक तृतीयांश डेमोक्रॅट ‘हो’ म्हणाले. जातीबाहेरच्या सोयरिकीबद्दल आपली आजी जे बोलायची तेच आता इथे पक्षाबद्दल. आमच्या मंडळात २०२४ च्या गणपतीआधी ग्रुपवर ठराव झाला: राजकारण बंद. तरी आरतीनंतर प्रसादाच्या रांगेत दोन काका असे भिडले की एकाने मोदकाचं ताट खाली ठेवलं आणि गाडीत जाऊन बसला. दोघंही सीकेपी, दोघंही ठाण्याचे, दोघांच्याही मुली एकाच कॉलेजात.

ग्रंथपाल

लेकस्ट्रीट, तुमचा राग पटतो, पण रागाने साधतं काय हाही प्रश्न आहेच. ओमार वासो नावाच्या कृष्णवर्णीय राज्यशास्त्रज्ञाने साठच्या दशकातल्या आंदोलनांचा बारकाईने अभ्यास केला. २०२० मध्येच तो छापून आला. निदर्शकांनी अहिंसा पाळली तिथे गोऱ्या मतदारांमध्ये डेमोक्रॅटिक मतं वाढली. एप्रिल १९६८ मध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांच्या खुनानंतर शहरं पेटली, तिथल्या आसपासची गोरी मतं ‘कायदा आणि सुव्यवस्था’ म्हणणाऱ्या रिपब्लिकन निक्सनकडे सरकली. आणि तुमच्याच शहरात नोव्हेंबर २०२१ मध्ये पोलीस खातं बरखास्त करून नवं खातं आणायचा प्रस्ताव मतदारांनीच फेटाळला.

जाता जाता: जून २०२० मध्ये वॉशिंग्टनमधल्या भारतीय वकिलातीसमोरच्या गांधींच्या पुतळ्यावरही रंग फासला गेला होता.

लेकस्ट्रीट

गांधींवरून आठवलं. लेक स्ट्रीटजवळ ‘गांधी महाल’ नावाचं हॉटेल होतं, मालक मूळचा बांगलादेशी. त्या दिवसांत त्याच्या हॉटेलात जखमींना मलमपट्टी चालायची. तेही जळालं. तेव्हा तो म्हणाला, इमारत जळू दे, ती पुन्हा बांधता येईल, आधी न्याय होऊ दे. मला स्वतःला एवढा मोठेपणा जमला नसता. पण ज्याचं जळलं तो जे बोलला ते, आणि ज्याचं जळलं नाही तो टेक्सासात बसून जे बोलतो ते, यात फरक आहे.

वासो वाचलाय. पण त्याच्या आधीचं पान उलटा. १९६७ मध्ये एकट्या डेट्रॉइटमध्ये ४३ माणसं मेली, म्हणून राष्ट्राध्यक्ष जॉन्सननी दंगलींची कारणं शोधायला कर्नर आयोग नेमला. आयोगाने फेब्रुवारी १९६८ मध्ये स्वच्छ लिहिलं की हा देश एक काळा आणि एक गोरा अशा दोन समाजांकडे चाललाय, वेगळे आणि असमान. जॉन्सननी तो अहवाल जवळपास बाजूलाच ठेवला. शांतपणे, टाइप करून, बाइंड करून सांगितलेलं ऐकलं नाही, हेही हिशेबात धरा.

टेक्सासकर

म्हणजे अहवाल वाचला नाही म्हणून पोस्ट ऑफिस जाळायचं?

लेकस्ट्रीट

नाही. आणि मी तसं कुठेही म्हटलेलं नाही. वर पाइप धरून कोण बसलं होतं ते परत वाचा. आता तुमची पाळी. ६ जानेवारी २०२१ ला कॅपिटॉलवर, म्हणजे संसदेवर, ट्रम्प समर्थकांनी केलेल्या हल्ल्यात सुमारे १४० पोलीस जखमी झाले. २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी त्या दिवसाच्या सुमारे १,५०० आरोपींना एका सहीत माफी दिली. कायदा आणि सुव्यवस्थावाल्यांचं यावर काय मत?

टेक्सासकर

पोलिसाला झेंड्याच्या काठीने मारणाऱ्याची माफी मला पटली नाही, हे मी घरातही बोललो आणि वहिनींशी भांडण ओढवून घेतलं. पण त्याच दिवशी, पद सोडायच्या काही मिनिटं आधी, बायडेननी स्वतःच्या भावंडांना आगाऊ माफी दिली. मुलाला डिसेंबरमध्येच दिली होती, आधी ‘देणार नाही’ असं सांगून. दोन्ही सारखं आहे असं मी म्हणत नाही. मी एवढंच म्हणतो की त्यानंतर ‘आमचे लोक संस्थांचा मान ठेवतात’ हे वाक्य डेमोक्रॅटांच्या तोंडी शोभत नाही.

खडूसआजोबा (पुणे ३०)

मला एक कळत नाही. तुमच्याकडे निवडणूक आयोग का नाही? एक आयोग, एक यादी, मोजणीची एक तारीख, निकाल आयोगाच्या तोंडून. तुमच्याकडे म्हणे कोण जिंकलं हे वृत्तसंस्था सांगते. पन्नास राज्यांचे पन्नास नियम. मग ‘तिकडे’ काहीतरी झालं असं वाटणारच. आमच्याकडे केंद्रीय यंत्रणा आहे म्हणून...

न्यूजर्सीवाली

आजोबा, तुमच्याकडे यंत्रांवरून आणि मतदार याद्यांवरून सगळे सुखाने नांदतायत का? :)

उत्तरध्रुव

आजोबा, फेडरल इलेक्शन कमिशन आहे, पण त्याचं काम प्रचाराचा पैसा बघण्यापुरतं. मतदान राज्यांकडे आणि खाली काउंट्यांकडे, म्हणजे जिल्ह्यांकडे. गोंधळाचं वाटतं खरं, पण सगळं एका माणसाच्या हाती येत नाही. २ जानेवारी २०२१ ला ट्रम्प यांनी रॅफेन्सपर्गरना फोन करून ११,७८० मतं ‘शोधायला’ सांगितली. त्यांनी ऐकलं नाही. आणि ऐकलं असतं तरी एका राज्यापलीकडे हात पोचला नसता.

टेक्सासकर, हमीबद्दल: ती देणारा त्याच मतदान केंद्राच्या हद्दीत राहणारा असावा लागतो, शपथेवर सही करावी लागते, खोटी निघाली तर तो फौजदारी गुन्हा. माझ्या पूर्ण दिवसात अशी एकच हमी आली, घटस्फोटानंतर बहिणीकडे राहायला आलेल्या माणसाची. पण ओळखपत्र मागणं म्हणजे वर्णद्वेष, हे मलाही पटत नाही. ते घरपोच आणि फुकट द्या आणि मग खुशाल मागा.

लेकस्ट्रीट, ‘गल्लीच्या टोकाला’ हे मान्य. माझ्या मुद्द्यात ते भोक आहे. माझ्या केंद्रावर सगळं जुळलं, कारण ते मोजायला मी तिथे होते. त्या ठाण्यात तुमच्या बाजूचं कुणीच मोजायला नव्हतं.

डेट्रॉइटकर

सगळे भावना बोलतायत, म्हणून थोडं यंत्राचं बोलतो. आपले बेळगावचे श्री ठाणेदार २०२२ मध्ये इथून अमेरिकी काँग्रेसवर, म्हणजे संसदेवर, निवडून आले, आपल्याला आनंद झाला. पण कसे आले बघा. हा मतदारसंघ इतका डेमोक्रॅटिक की नोव्हेंबरची निवडणूक नावापुरती. खरी लढत ऑगस्टमधली पक्षांतर्गत, म्हणजे प्रायमरी. तिथे बरेच उमेदवार होते आणि ठाणेदारांना साधारण २८ टक्के मतं पुरली. देशभर बहुसंख्य जागा अशाच, कुठे निळ्या म्हणजे डेमोक्रॅटिक, कुठे लाल म्हणजे रिपब्लिकन. उमेदवाराला दुसऱ्या पक्षाचा मतदार लागतच नाही. भीती असते ती आपल्याच पक्षातल्या जास्त कडव्या माणसाची. त्यात २०२५ मध्ये टेक्सासने दशकाच्या मध्येच मतदारसंघांचे नकाशे रिपब्लिकनांच्या सोयीने बदलले, तर कॅलिफोर्नियाने सार्वमत घेऊन उलट बदलले. आणखी काही जागा पक्क्या झाल्या.

टेक्सासकर

आमच्या राज्याची चूक, कबूल. पण डेमोक्रॅटांनी आखलेला इलिनॉयचा नकाशाही एकदा डोळे उघडे ठेवून बघा.

उत्तरध्रुव

लेकस्ट्रीट, थर्ड प्रिसिंक्टच्या इमारतीचं पुढे काय झालं?

लेकस्ट्रीट

वर्षानुवर्षं कुंपण आणि काटेरी तारा, आत जळका सांगाडा. पोलिसांना परत यायचं होतं, वस्तीने येऊ दिलं नाही. मग महापालिकेने सुचवलं की तिथे शहराचा निवडणूक विभाग आणू, यंत्रं ठेवू, मतदानाची सोय करू. नाव सुचवलं डेमोक्रसी सेंटर. त्यावरही भांडण. काहींना ती जागा वस्तीच्या ताब्यात हवी होती.

टेक्सासकर

जळक्या पोलीस ठाण्यात मतपत्रिका? ताई, तुमच्या त्या केकवाल्या बाईंना हे सांगू नका.

उत्तरध्रुव

सांगितलं. म्हणाल्या, “पार्किंग आहे का?”