बैलगाडीचा झिजलेला आख हातानं गोल करता येतो का?

बांधावरचा:
लोखंडी आखाचा वाटोळा भाग खालच्या अंगानं झिजलाय. चाक डुगडुगतं. गावात लेथ नाही. हातानं जमेल का?

भात्यावरचा:
जमतं हो! ओझं कायम खालच्याच अंगावर, म्हणून झीज तिथंच. आख अगदी सरळ असेल तर अर्धा फिरवून बसवा, कोरी बाजू खाली येईल. नाहीतर ७०१८ नंबरच्या वेल्डिंगच्या कांडीनं झिजल्या जागी भर द्या आणि राखेत पुरून सावकाश निवू द्या. पाणी अजिबात मारू नका, भर कडक होते आणि कानस नुसती घसरते. मग चपटी कानस झोका देत आखाभोवती फिरवा, मधूनमधून कॅलिपर (जाडी मोजायचा चिमटा) लावा. शेवटी तुंब्यातल्या (चाकाच्या मधल्या गड्ड्यातल्या) आवणीला, म्हणजे आख बसतो त्या लोखंडी नळीला, आतून काजळ फासून चाक चढवा, एक फेरा द्या. आखावर काळं उमटेल तेवढंच घासायचं. काळं सगळीकडे सारखं उमटलं की बसला.

बांधावरचा:
काका, चाक निघू नये म्हणून आखाच्या टोकाला खीळ घालतात, तिचं भोकही लांबट झालंय.

भात्यावरचा:
मग ते आधी भरून नव्यानं पाडा! भरल्या गाडीचं चाक निघालं तर बैलांच्या जिवावर बेततं.

माळरान:
चाक आतबाहेर सरकत असेल तर चामड्याचा वायसर टाका, एरंडेलात भिजवून.