पॉड फिल्टर आणि फ्री-फ्लो सायलेन्सर लावल्यापासून गाडी दम खातेय, जेटिंगसाठी मदत हवी आहे

मंडळी, महिनाभर डोकं खाजवून झालं, आता तुम्हीच सांगा. गाडी १५० सीसी, एक सिलेंडर, एअर कूल्ड, मिकुनीचा सीव्ही कार्ब (कार्बोरेटर), म्हणजे हवेचा रस्ता उघडणारी स्लाइड व्हॅक्यूमवर उचलणारा. मूळ एअर बॉक्स काढून कोनसारखा पॉड फिल्टर लावला आणि त्याच आठवड्यात बेंड पाइपसकट (इंजिनपासून सायलेन्सरपर्यंतचा पाइप) फ्री-फ्लो सायलेन्सर. आवाज झकास आला, गाडी मात्र बसली.

आता होतंय असं की सकाळी चोक बराच वेळ ओढून ठेवावा लागतो, रेस सोडली की आरपीएम पटकन खाली येत नाही, वरच लटकून राहतो आणि मग हळूहळू उतरतो, उतारावर थ्रॉटल बंद केला की सायलेन्सरमधून फटाके, आणि पाव रेसच्या पुढे उघडायला गेलं की गाडी आधी एक आवंढा गिळते मग उचलते, तेही कशीबशी, वरचा जोर तर गायबच.

सगळ्यांनी सांगितलं मोठा जेट (पेट्रोल मोजून सोडणारं बारीक भोक) टाक. मूळ मेन जेट ११२.५ चा होता, तिथे १२० टाकला, मग १२५ टाकला. काडीचा फरक नाही. शपथेवर सांगतो, तिन्ही जेटवर गाडी सारखीच चालते. प्लग काढून बघितला तर पांढुरका. अजून मोठा टाकू का? पायलट जेट आणि सुई (स्लाइडला लागलेली, मेन जेटच्या वाटेतली) मूळचीच आहे, मिक्स्चर स्क्रूला हात लावलेला नाही कारण त्यावर कंपनीची पितळी टोपी आहे.

सुईवाला:
थांब भाऊ, मेन जेटला आता हात लावू नकोस. तू दोन गोष्टी एकाच आठवड्यात बदलल्यास ती पहिली चूक, पण ते जाऊ दे, सगळेच करतात, मीही केलंय.

आधी एक काम कर. ग्रिपवर आणि स्विचच्या डब्यावर कागदी टेप चिकटव, पेनाने पाव, अर्धा, पाऊण अशा खुणा कर. कार्ब समजून घ्यायचा तर आरपीएमकडे नाही, थ्रॉटल किती उघडलाय तिकडे बघायचं. बंद ते साधारण पाव पायलटचं राज्य, पाव ते पाऊण सुईचं, पाऊणच्या पुढे मेन जेट. सीमा एकमेकांत मिसळलेल्या असतात पण ढोबळमानाने हेच. तुझ्या बहुतेक तक्रारी खालच्या अर्ध्या भागातल्या आणि तू औषध देतोयस डोक्याला. लटकणारा आरपीएम, फटाके, चोक जास्त वेळ लागणं, ही तिन्ही लक्षणं खाली लीन (हवेच्या मानाने पेट्रोल कमी) असल्याची.

मग गरम इंजिनवर, मोकळ्या रस्त्यावर, ज्या खुणेवर अडखळते तिथे थ्रॉटल धरून चोक किंचित ओढ. सुधारली तर तिथे लीन आहे, बिघडली तर रिच, म्हणजे पेट्रोल जास्त. फुकटची चाचणी आहे, अर्धा गोंधळ इथेच सुटतो.

एक वाटसरू:
सरळ जुना एअर बॉक्स लाव आणि मोकळा हो. सीव्ही कार्बला पॉड मानवत नाही.

धागाकर्ता:
ते शेवटचं अस्त्र आहे, अजून हरलो नाहीये 😅

गॅस्केट:
जेट नंतर बघा, आधी फुकटची हवा कुठून घुसतेय ते बघा. कार्ब काढघाल करताना कार्ब आणि इंजिनमधलं रबर नेहमी ताणलं जातं, जुनं असेल तर आतून तडा जातो जो बाहेरून दिसत नाही. गाडी स्लोवर ठेवून त्या रबराच्या कडेला पाण्याची बारीक फवारणी करा, आरपीएम हलला की समजा गळतंय. कार्ब क्लीनरनेही करतात पण गरम बेंड पाइपवर तो उडाला तर भडका व्हायला वेळ लागत नाही, म्हणून मी पाणीच सांगतो.

दुसरं, बेंड पाइप इंजिनच्या हेडला जिथे बसतो तिथली तांब्याची रिंग नवीन टाकली का? जुनी एकदा दबली की परत नीट बसत नाही. तिथून बाहेरची हवा आत ओढली जाते आणि सायलेन्सरमधलं उरलेलं पेट्रोल पेटतं, तेच तुमचे फटाके. थंड इंजिन सुरू करून लगेच जोडाजवळ हात न्या, फुसफुस लागते, काळा डागही दिसतो. गरम झाल्यावर हात नेऊ नका, सांगायला नको पण सांगतो.

धागाकर्ता:
गॅस्केट भाऊ, पाय कुठे आहेत तुमचे! रबर धडधाकट आहे पण रिंग जुनीच होती आणि जोडावर काजळी. नवीन टाकली, फटाके ऐंशी टक्के गेले. उरलेली लक्षणं तशीच.

चोकची चाचणी पण केली. पावच्या आसपास चोक ओढला की लोण्यासारखी चालते. थ्रॉटल अर्ध्याच्या वर असताना ओढला तर मात्र ना धड सुधारते ना धड बिघडते, नुसती गुदमरल्यासारखी जागच्या जागी.

सुईवाला:
पावचं उत्तर मिळालं, पायलट लीन. कारणही सोपं आहे. एअर बॉक्स हवेला थोडा अडथळा करतो, त्यामुळे कार्बच्या तोंडात ओढ तयार होते आणि त्या ओढीवर जेटमधून पेट्रोल वर येतं. बॉक्स गेला, ओढ कमी झाली, हवा तेवढीच किंवा जास्त पण पेट्रोल कमी. हवा आणि पेट्रोलचं आदर्श मिश्रण वजनाने १४.७ ला १, जोरासाठी तर १३ च्या आसपास लागतं, आणि एमिशनसाठी कंपनी आधीच काठावर लीन ठेवते. तिथून अजून कमी झालं.

पितळी टोपीला मधोमध बारीक भोक पाड, ड्रिल अगदी वरवर चालव, खाली लगेच स्क्रूचं डोकं आहे. मग स्क्रू आधी आत घे, हलक्या हाताने टेकेपर्यंत, किती फेरे झाले ते लिहून ठेव. जोर लावलास तर सुईसारखं टोक कार्बमध्येच मोडतं आणि मग कार्ब बदलावा लागतो. तुझा स्क्रू इंजिनच्या बाजूला असेल तर तो पेट्रोलचा, बाहेर काढला की रिच. फिल्टरच्या बाजूला असेल तर हवेचा, उलटा हिशेब. हे न बघता लोक फिरवत बसतात आणि मग म्हणतात काही कळत नाही. तीन फेऱ्यांच्या बाहेर गेल्यावरच स्लो सुधारत असेल तर पायलट जेट एक नंबर मोठा घे.

वरच्या भागाचं मला अजून कोडंच आहे. मेन जेट ११२.५ वरून १२५ केला आणि फरक शून्य, हे होऊच शकत नाही, जोपर्यंत सुई पुरेशी वर येत नाही तोपर्यंत. म्हणजे तुझी स्लाइडच उचलत नसावी. डायफ्रॅम (स्लाइड उचलणारा रबरी पडदा) फाटलंय का उजेडात धरून बघ, कडा खोबणीत नीट बसलीय का तेही.

कोनफिल्टर:
पॉडचं रबर कार्बच्या तोंडावर किती आत जातं? सीव्ही कार्बच्या तोंडात कडेला भोकं असतात, त्यातलं एक डायफ्रॅमच्या खालच्या बाजूला बाहेरची हवा पोचवतं. वर व्हॅक्यूम आणि खाली बाहेरचा दाब, या फरकावर स्लाइड उचलते. स्वस्तातल्या पॉडला आतून जाड रबराची कड असते, ती नेमकी त्या भोकावर बसते. भोक बंद, फरक नाही, स्लाइड अर्ध्यातच बसून राहते. मी यापायी स्लाइडचं भोक मोठं केलं होतं, स्प्रिंगही कापली होती, दोन्ही वाया. तुम्ही तसलं काही करू नका, परत जोडता येत नाही.

धागाकर्ता:
लोकहो, साष्टांग नमस्कार. डायफ्रॅम ठीक निघालं, पण पॉड काढून बघितला तर रबराच्या कडेवर त्या भोकाचा गोल ठसा उमटलाय! म्हणजे महिनाभर मी जेट बदलत होतो आणि स्लाइड बिचारी खाली बसून बघत होती. कड ब्लेडने कापली, गाडीला एकदम पंख फुटले, आणि लगेच १२५ चा जेट बोलायला लागला, पूर्ण रेसला भकभक, प्लग काजळीने काळा. आता मेन ११७.५ वर आलोय. पायलट एक नंबर मोठा केला, स्क्रू सव्वादोन फेरे बाहेर, आरपीएम लटकत नाही. माझ्या सुईला क्लिपच्या खाचा नाहीत म्हणून तिच्याखाली अर्ध्या मिलिमीटरचा एक वॉशर घातला, आवंढा गेला.

एकच राहिलंय, बाजूने जोराचा वारा असला की वेगात गाडी मधूनच सुस्कारे टाकते, वारा थांबला की ठीक. हा कुठला जेट?

सुईवाला:
हा जेट नाही, पॉड उघड्यावर आहे म्हणून. आडवा वारा तोंडावरून गेला की तिथला दाब बदलतो आणि स्लाइड थरथरते. बाजूचं कव्हर परत लावून बघ, पॉड आडोशाला आला पाहिजे. तरी राहिलं तर वर वाटसरूने सांगितलंय ते.

एक वाटसरू:
मी कुठेच गेलेलो नाही 😄 एअर बॉक्स परत लावलास तर जेटही परत उतरवावे लागतील, जुने जपून ठेव.