अ‍ॅसिड अरबचा पहिला अल्बम: अरबी संगीताची उचलेगिरी की खरोखर ‘फ्रान्सचं संगीत’?

रानजाई (धागाकर्ती)

काल ‘सध्या काय ऐकताय’ धाग्यावर मी पॅरिसच्या इलेक्ट्रॉनिक डान्स-संगीत गटाचा, अ‍ॅसिड अरबचा ‘म्यूझिक द फ्रान्स’ सुचवला. त्यावर कोमल निषाद यांनी लिहिलं, “दोन पॅरिसचे डीजे, खाली धाडधाड ठोका, वर चिमूटभर अरबस्तान. मकामाचा लगदा करून गोऱ्यांना नाचायला दिलाय.” (मकाम म्हणजे अरबी संगीतातला राग म्हणा.) रात्रभर ते वाक्य डोक्यात घोळत राहिलं, म्हणून वेगळा धागा काढते आहे.

पहिली गोष्ट, अल्बमच्या नावाकडे बघा. 2016 मध्ये ब्रुसेल्सच्या क्रॅम्ड डिस्क्सने काढलेल्या या अल्बमचं नाव ‘अरबी संगीत’ नाही, ‘फ्रान्सचं संगीत’ आहे. हे नाव सहज ठेवलेलं नाही. अल्जीरियातल्या ओरानचं राई, अल्जीअर्सचं शाबी हे लोकप्रिय संगीत पॅरिसच्या बार्बेस भागातल्या दुकानांतून कॅसेटवर विकलं गेलं, कारखान्यातल्या कामगारांनी खोलीवर ऐकलं, त्यांच्या पोरांनी तिथेच गायलं. तरी सरकारदरबारी आणि दुकानाच्या मांडणीवर ते कायम परदेशी. या अल्बमवर रशीद ताहा गातो. हा माणूस दहाव्या वर्षी अल्जीरियातून फ्रान्सला आला, ल्योनमध्ये बँड काढला आणि त्याचं नाव ठेवलं ‘राहण्याचा परवाना’. 1986 मध्ये या बँडने फ्रेंच गायक शार्ल त्रेनेचं ‘गोड फ्रान्स’ हे गाणं अरबी ढंगात म्हटलं. तीस वर्षांनी त्याच माणसाचा आवाज ‘फ्रान्सचं संगीत’ नावाच्या अल्बमवर आहे, आणि तुम्हाला त्यात चिमूटभर अरबस्तान दिसतं?

मी बार्बेसजवळ चार वर्षं राहिले. खाली ओरानच्या एका चाचांचं सलून होतं. आरशाखाली बुटांच्या खोक्यात कॅसेटी. फीत अडकली की पेन्सिल घालून गुंडाळायचे, गिऱ्हाईक तसंच ओल्या केसांनी बसलेलं. हा अल्बम मी त्यांना फोनवर ऐकवला तेव्हा ताहाचा आवाज आल्याबरोबर त्यांनी ड्रायर बंद केला. पूर्ण गाणं संपेपर्यंत बंद. ते राईवरच मोठे झालेले. त्यांना लगदा वाटला नाही.

कोमल निषाद

रानजाई ताई, तुमच्या सलूनवाल्या चाचांबद्दल आदर आहे, पण माझा मुद्दा स्वराचा आहे. रास्त मकामातला गंधार आपल्या कोमल आणि शुद्ध गंधारांच्या मध्ये कुठेतरी लागतो. बयाती मकामाचा रिषभही तसाच, अधांतरी. त्या जागेसाठी उस्ताद माणसं आयुष्य घालवतात. तकासीममध्ये, म्हणजे आपल्या आलापासारख्या वादनात, उद हे तंतुवाद्य वाजवणारा त्या एका स्वराभोवती पाच पाच मिनिटं फिरतो, ताल नाही, घाई नाही. त्याच्याखाली चार मात्रांचा सरसकट ठोका घातला की काय उरतं? दहा मात्रांचा समाई ताल, मक्सूम तालातले दुम आणि तक हे बोल, सगळं त्या एका हातोड्याखाली सपाट होतं.

मी चाळीस वर्षं तंबोऱ्यासमोर बसलो आहे. स्वराची जागा एकदा सुटली की पुन्हा सापडत नाही. फ्यूजन या नावाखाली आपल्याकडे काय झालं ते डोळ्यांनी पाहिलंय. आमच्या गावच्या उत्सवात भजनाच्या चक्रीला मागे ऑक्टोपॅड घेतला. दोन वर्षांत पखवाज वाजवणारा पोरगा उरला नाही. आज त्या देवळात पखवाज आहे, वाजवणारा नाही.

शारजाकर

दोघांचंही चुकतंय, किंवा दोघं खऱ्या प्रश्नाला बगल देताहेत. प्रश्न नावाचा आहे. हा गट काढणारे गिदो मिनिस्की आणि हेर्वे कार्वालो, दोघंही अरब नाहीत. 2012 मध्ये ट्युनिशियातल्या जेर्बा बेटावर वाजवायला गेले, तिथून कल्पना सुचली. अल्बमवर कोण कोण आहेत बघा: सिरियाचा रिझान सईद, अल्जीरियाचा सोफियान सैदी, तुर्कीचा जेम यिल्दिझ, आणि खुद्द ताहा. मुखपृष्ठावर नाव कोणाचं? अ‍ॅसिड अरब.

मी बारा वर्षं आखातात हॉटेलांत की-बोर्ड वाजवला. एका कार्यक्रम कंपनीने आमच्या पाच जणांच्या रेकॉर्डिंगची सीडी काढली. त्यावर फक्त कंपनीचं नाव आणि उंटाचं चित्र. पैसे एका रात्रीचे. त्यामुळे ‘सोबत अमुक’ अशी बारीक अक्षरं पाहिली की मला ती सीडी आठवते.

रानजाई

शारजाकर, तुमच्यावर अन्याय झाला हे मान्यच. पण इथे प्रत्येक पाहुण्या गायकाचं नाव त्याच्या गाण्यासमोर आहे. आणि अल्जीरियाचा केन्झी बुर्रास पाहुणा म्हणून नाही, गटातला माणूस म्हणून की-बोर्डवर बसतो. उंटाचं चित्रही कुठे नाही.

शारजाकर

उंट नाही हे मान्य. नावाचा मुद्दा सोडत नाही.

मुक्ता 82

कोमल निषाद, ठोक्याने संगीत मरतं म्हणताय, तर राई स्वतः काय आहे? ऐंशीच्या दशकात अल्जीरियातच निर्माता रशीद बाबा अहमद त्लेमसेन शहरातल्या स्टुडिओत सिंथेसायझर आणि ड्रम मशीन घालून राई रेकॉर्ड करत होता. कोणी गोऱ्याने शिकवलं नव्हतं. राई गायक शेब हस्नीला 1994 मध्ये मारलं, बाबा अहमदला 1995 मध्ये. त्या संगीतासाठी लोकांनी जीव गमावला आहे. 1992 ची राई गायक खालिदची ‘दीदी’ आपल्याकडे गल्लोगल्ली वाजत होती, एक शब्द न कळता. तीही सिंथेसायझरवरच होती.

आणि शुद्धतेची गोष्ट काढलीत म्हणून सांगते, 1964 मध्ये इजिप्तची थोर गायिका उम्म कुल्सुमने संगीतकार अब्देल वहाबची चाल गायली तेव्हा मागे इलेक्ट्रिक गिटार होती. ‘इंता ओम्री’. आज तेच गाणं अभिजात म्हणून पुढे केलं जातं.

कोमल निषाद

गिटारीला मी कधी नाही म्हणालो? गिटारीवर तार ओढून स्वर हलवता येतो. माझं भांडण पट्टीच्या वाद्याशी आहे. बारा पट्ट्यांत मकाम बसत नाही आणि राग पण बसत नाही. दरबारीचा आंदोलित गंधार पेटीवर काढून दाखवा, मी हा धागा सोडून जातो. 1940 मध्ये रेडिओवर पेटीला बंदी घातली ती उगाच नव्हती.

बेंजोवाला लालबाग

काका, आता पेटीवर घसरलात म्हणून लिहितो, नाहीतर नुसता वाचत होतो. ती बंदी कोणी घातली? साहेबाच्या रेडिओने, आपल्याच काही विद्वानांच्या होकाराने. तीस वर्षं पेटीवाल्यांच्या पोटावर पाय आला. 1971 नंतर कुठे थोडं दार उघडलं. त्या काळात गोविंदराव टेंबे, पी. मधुकर यांनी पेटीवर जे केलं ते काय सपाट होतं? संगीत नाटकात पायपेटीशिवाय पडदा उघडत होता का? बालगंधर्वांच्या मागे ऑर्गन वाजायचाच ना? तुम्ही तेच नाट्यसंगीत शुद्ध म्हणून ऐकता.

कोमल निषाद

साथ करणं वेगळं आणि स्वर ठरवणं वेगळं. ऑर्गन मागे राहायचा, गळा पुढे असायचा. यात काय समजावून सांगायचं?

बेंजोवाला लालबाग

समजावू नका, ऐका. मी गणपतीच्या मिरवणुकीत सोळा वर्षं की-बोर्ड वाजवतोय. आमच्या बेंजो पार्टीला तुमच्यासारखे लोक खिडक्या लावून घेतात. रिझान सईदचे सिरियातल्या लग्नांचे व्हिडिओ मी बघितले तेव्हा माझी बायको म्हणाली, “अरे, हे तर तुमचंच!” तोच एक माणूस, दोन की-बोर्ड, समोर गोल धरून नाचणारी माणसं, हात हातात घालून पाय आपटणारी. दबके म्हणतात त्याला. तो ज्या रास अल-ऐनमधला आहे, तिथूनच गायक ओमर सुलेमान आला. लग्नात रेकॉर्ड केलेल्या कॅसेटी नवरा-नवरीला द्यायचे, मग त्याच बाजारात. हे लोक डान्स म्युझिक शिकायला पॅरिसला गेले नव्हते. ते आधीच लोकांना नाचवत होते. अ‍ॅसिड अरबने त्यांना बोलावलं, एवढंच. आणि माझ्या खिडकीसमोर कोणी बोलवायला आलं नाही, तुमच्यासारख्यांनी पोलिसांना फोन केला.

कोमल निषाद

मी आयुष्यात पोलिसांना फोन केलेला नाही. तुम्ही मला ओळखत नाही. रात्री साडेअकराला भिंती हादरतात तेव्हा माझ्या आईचं काय होतं ते तुम्हाला माहीत नाही. ती शहाऐंशी वर्षांची आहे. स्वराच्या चर्चेत आवाजाची पातळी आणू नका.

बेंजोवाला लालबाग

आईंबद्दल माफी मागतो. ते खरंच बोलायला नको होतं. पण पेटीबद्दलचं मागे घेत नाही.

तीनशेतीन

पट्टीच्या वाद्यात राग बसत नाही म्हणताय? 1982 मध्ये मुंबईतच चरणजित सिंग यांनी दहा राग डिस्को ठेक्यावर वाजवले. भैरव, ललित, तोडी, यमन, मालकंस. रोलँड कंपनीच्या टीबी-303 सिंथेसायझर आणि टीआर-808 ड्रम मशीनवर. ही 303 म्हणजे गिटारवाल्याला घरी सरावाला बेसची सोबत मिळावी म्हणून केलेली चंदेरी पेटी. चालली नाही, बंद पडली. पुढे शिकागोच्या पोरांनी स्वस्तात घेऊन तिच्या खुंट्या पिळल्या, 1987 मध्ये त्यातून नाचायच्या संगीताचं नवं रूप, ‘अ‍ॅसिड’ निघालं. अ‍ॅसिड अरबमधलं अ‍ॅसिड तेच. म्हणजे शिकागोच्या पाच वर्षं आधी हा आवाज आपल्या मुंबईत भैरवात वाजत होता! तेव्हा सिंग यांची ती रेकॉर्ड कोणी विकत घेतली नाही. 2010 मध्ये परदेशात पुन्हा निघाली आणि सत्तरीतल्या माणसाला जगभर बोलावणी आली. 2015 मध्ये ते गेले.

आणि 303 मध्ये ‘स्लाइड’ असते. एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाते. मींडच ती.

कोमल निषाद

ऐकलंय ते. तोडीचा गंधार अतिकोमल हवा, तिथे साधा कोमल आहे. घसरणं म्हणजे मींड नव्हे. मींडेत वाटेतल्या जागा ठरलेल्या असतात. मात्र त्या माणसाला राग माहीत होते हे चाल ऐकून कळतं. ललितमध्ये दोन्ही मध्यम बरोबर जोडले आहेत. तेवढं मान्य करतो, पुढे नाही.

शारजाकर

आता मघाचा राग बाजूला ठेवून कामाचं सांगतो, कारण पट्टीच्या वाद्यात मकाम बसत नाही हे काही दशकांपूर्वीचं बोलणं झालं. 1932 मध्ये कैरोत अरबी संगीताची मोठी परिषद भरली होती, बार्तोक आणि हिंडेमिथसारखे युरोपचे संगीतकार आले होते, तिथेही हाच वाद: पाव स्वराचा पियानो हवा की नको. आज आखातात कुठल्याही लग्नातल्या की-बोर्डवर बारा स्वरांची बारा बटणं असतात. मला एका सिरियन सहकाऱ्याने पहिल्या आठवड्यात शिकवलं. तो माझ्या मागे उभा राहिला, माझा अंगठा धरून ‘मी’च्या बटणावर ठेवला आणि आकडा उणे 50 वर आणला. पन्नास सेंट, म्हणजे अर्ध्या स्वराचा अर्धा. मग म्हणाला, आता वाजव. तीच पांढरी पट्टी, पण बोटाखाली अनोळखी स्वर. पहिल्यांदा मला वाटलं की-बोर्ड बिघडला. तिसऱ्या रात्री ती पट्टी सरळ केली तेव्हा ती बेसुरी वाटायला लागली.

आणि तो पन्नासवर थांबायचा नाही. कैरोचा रास्त वाजवताना एक आकडा, हलबच्या (सिरियातलं अलेप्पो) गाण्याला दुसरा. उणे 40, उणे 45. मध्येच गाणं चालू असताना डाव्या हाताने बदलायचा. ते काम मी बारा वर्षांत नीट शिकलो नाही.

बेंजोवाला लालबाग

शारजाकर दादा, माझ्या की-बोर्डमध्येही स्केल ट्यूनिंग आहे! आजवर कधी उघडलं नाही.

तीनशेतीन

आपल्याकडे डॉ. विद्याधर ओक यांनी बावीस श्रुतींची पेटी केलीच आहे. म्हणजे अडचण पट्टीची नाही, कोणी किती खपायचं याची आहे.

कोमल निषाद

ओकांची पेटी मी समोर बसून ऐकली आहे. ती वेगळी तपश्चर्या आहे, तिला डीजेच्या रांगेत बसवू नका.

शारजाकर, हलबचा आणि कैरोचा गंधार वेगळा आणि तो माणूस गाणं चालू असताना बदलतो, हे मला माहीत नव्हतं. असं असेल तर त्याच्या हाताला मी सपाट म्हणणार नाही. ठोक्याबद्दलचं मत तेच आहे.

रानजाई

ठोक्याबद्दल मीही थोडं मागे सरते. सगळ्या गाण्यांत तो तितकाच योग्य बसलाय असं नाही. दोन-तीन ठिकाणी गायक मोकळा होऊ बघतो आणि खालचा ठोका त्याला पुढे ढकलतो. ताहाच्या गाण्यात मात्र तसं होत नाही. तो 2018 मध्ये गेला. चाचांनी त्या दिवशी दुकान उघडलं नव्हतं.

कोमल निषाद, एक विनंती. या अल्बममधलं ‘ला हफ्ला’ फक्त एकदा, कानाला हेडफोन लावून. हफ्ला म्हणजे मैफलच. फक्त सोफियान सैदीचा गळा ऐका, बाकी सोडा.

कोमल निषाद

ऐकलं. दोनदा. गळा तयारीचा आहे. पट्टीला धरून बसत नाही, स्वतःच्या जागेवर जातो आणि खालचं यंत्र त्याला अडवत नाही. लगदा हा शब्द त्या गाण्यापुरता मागे घेतो. बाकी अल्बमबद्दल नाही. पखवाजाचं दुःख आहे तिथेच आहे.

बेंजोवाले, तुमच्या त्या की-बोर्डवर तोडीचा गंधार किती सेंटवर बसतो ते मला बघायचं आहे. रविवारी सकाळी दहा ते बारा आई जागी असते, तिलाही ऐकायला आवडेल. आवाज बेताचा ठेवा.

बेंजोवाला लालबाग

येतो काका. छोटा स्पीकर आणतो.