डीओ (डेव्हलपमेंट ऑफिसर) साहेब निवृत्त होताहेत, एलआयसीची एजन्सी सोडून खासगी कंपनीत जावं का?

गलाईवाल्यांची_लेक:
नमस्कार मंडळी. मी विट्याची. एलआयसीची एजन्सी घेऊन मला नववं वर्ष लागलंय. निम्म्याहून जास्त ग्राहक भावकीतले नि पै-पाहुण्यांतले, गलाईच्या (सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायच्या) धंद्यातले. कोणी कोईमतूरला, कोणी कानपूरला. दिवाळीला नाहीतर गावच्या जत्रेला आले की हप्त्यांचा हिशेब होतो, बाकी वर्षभर फोन.

ज्या डीओ साहेबांनी मला या लाइनीत आणलं ते मार्चअखेर निवृत्त होताहेत. आम्हा एजंटांना दुसऱ्या डीओंकडे देतील म्हणे. त्यातच एका खासगी कंपनीचा मॅनेजर मागे लागलाय. महिना 25 हजार फिक्स, वर कमिशन. "मॅडम, तुमचे जुने ग्राहक आहेतच की, तेवढे इकडे वळवा." घरात दोन मतं आहेत. माझा रिन्युअल प्रीमियम (जुन्या पॉलिसींचे हप्ते) वर्षाला साधारण 22 लाख येतो. सोडायच्या आधी काय बघावं?

तासगावकर_काका:
ताई, आधी त्या 22 लाखांकडे बघा. जुन्या पॉलिसींना चौथ्या वर्षापासूनचे पाच टक्के कमिशन धरले तरी वर्षाला 1 लाख 10 हजार झाले, तेही नवीन काही न विकता. 25 हजारांपुढे हा आकडा बारीक वाटतो. पण ते 'फिक्स' टार्गेट गाठलं तरच आहे का, किती महिने आहे, आणि तुम्हाला एजंट म्हणून घेताहेत की पगारी नोकरीवर, हे कागदावर मागा. मॅनेजर तोंडी फार गोड बोलतात. वर्षभरात त्यांचीच बदली होते, नाहीतर तेच कंपनी सोडतात.

तुमचं नववं वर्ष चालू आहे ही माझ्या मते सगळ्यात मोठी गोष्ट. एजन्सी सुटल्यावर रिन्युअल कमिशन चालू राहणार का, हे ठरवताना एलआयसीच्या नियमावलीत सलग पाच आणि सलग दहा वर्षांच्या कामाचे टप्पे आहेत, आणि त्यांना अटी आहेत. शाखेत साधा अर्ज द्या: 'मी अमुक तारखेला एजन्सी सोडली आणि दुसऱ्या आयुर्विमा कंपनीची घेतली, तर माझ्या जुन्या पॉलिसींच्या कमिशनचं काय?' उत्तर लेखी घ्या. कोणाच्या चहाच्या टेबलावरच्या उत्तरावर राजीनामा देऊ नका. (माझ्याही नाही.)

दुसरं म्हणजे मधले महिने. आयआरडीएआय या विमा नियामकाच्या 2016 च्या नियमांप्रमाणे राजीनाम्यानंतर जुनी कंपनी 15 दिवसांत सेसेशन सर्टिफिकेट (एजन्सी संपल्याचा दाखला) देते, आणि त्या तारखेपासून 90 दिवस उलटल्यावरच नवी कंपनी तुमचा अर्ज विचारात घेते. हे तीन महिने दिवाळीच्या तोंडावर आले तर तुमचा वर्षाचा सीझन बुडाला. मॅनेजरने हे सांगितलं नसेल.

आणि 'ग्राहक वळवा' हे वाक्य मला अजिबात आवडलं नाही. समजा तुमच्या चुलत्यांची पॉलिसी बारा वर्षं जुनी आहे. विमा कायद्याच्या कलम 45 मुळे तीन वर्षांनंतर कंपनी कुठल्याही कारणाने त्या पॉलिसीवर बोट ठेवू शकत नाही. ती सरेंडर करून (मुदतीआधी मोडून) नवी घेतली की ही तीन वर्षं पुन्हा पहिल्यापासून. वय वाढलेलं, मधल्या काळात शुगर लागलेली, आयुष्य गलाईच्या भट्टीपाशी गेलेलं. हप्ता वाढणार, मेडिकल होणार, सरेंडरला तोटा होणार तो वेगळाच. उद्या कोईमतुरात काही झालं आणि नवा क्लेम अडकला, तर काकू मॅनेजरच्या दारात जाणार नाहीत, तुमच्याच दारात येतील. जायचं तर खुशाल जा, पण जुन्या पॉलिसी आहेत तिथे राहू द्या.

ग्रॅच्युइटीचंही विचारून घ्या. 2023 मध्ये सरकारने एलआयसी एजंटांची मर्यादा 3 लाखांवरून 5 लाख केली. सोडून परत आलेल्यांना रिन्युअल कमिशनला पात्र धरायचंही तेव्हाच ठरलं. आमच्या काळात परत आलं की जुन्या धंद्यावर पाणी सोडावं लागे.

नाशिकची_मेघा:
काकांशी सहमत, पण सोडायचंच कशाला? एका एजंटाला एक आयुर्विमा, एक जनरल आणि एक आरोग्य विमा कंपनी घेता येते. दोन आयुर्विमा कंपन्या तेवढ्या चालत नाहीत. मी एलआयसी ठेवून आरोग्य विम्याची एजन्सी घेतली. त्याची परीक्षा वेगळी द्यावी लागते, पण जमते. तुमचे लोक बाहेरगावी राहतात, त्यांना दवाखान्याचं कव्हर लागतंच. उलट त्यांनीच आजवर कसं विचारलं नाही याचं नवल वाटतं.

गलाईवाल्यांची_लेक:
विचारतात हो! मीच 'माझ्याकडे नाही' म्हणून सांगते. 90 दिवसांचं खरंच कोणी बोललं नव्हतं. काका, नव्या डीओंचं काय? त्यांची स्वतःची माणसं आहेत, आम्ही सावत्रच ठरणार.

तासगावकर_काका:
तुमच्या नव्या धंद्यावर त्यांचाही इन्सेंटिव्ह असतो, त्यामुळे 22 लाखांच्या रिन्युअलवाल्या एजंटाला कोणी सहजासहजी सावत्र वागवत नाही. साहेब अजून खुर्चीत आहेत तोवर त्यांना बरोबर घेऊन नव्या साहेबांची गाठ घ्या. रिव्हायव्हलची (बंद पडलेल्या पॉलिसी पुन्हा चालू करायची) अडकलेली प्रकरणं, क्लेमची राहिलेली फाइल, पत्ता नि नॉमिनी बदलायचे अर्ज, जे काही लोंबकळत असेल ते मार्चच्या आत निकालात काढा. डीओ बदलताना असलेच कागद मधल्या मधे राहतात.

आणि शाखेच्या त्या लेखी उत्तरात काय आलं ते इथं टाका. बऱ्याच जणांना हवं असतं.

गलाईवाल्यांची_लेक:
सोमवारी अर्ज देते. मेघाताई, आरोग्य विम्याच्या परीक्षेचं तुम्हाला व्यनि करू का?

नाशिकची_मेघा:
करा की. माझ्या नोट्स मराठीतच आहेत, पाठवते.