अनुभव धागा: मार्कस मिलरच्या नावाचा पाचतारी बेस

कार्यक्रम संपला की लोक गायकाबरोबर फोटो काढतात, ढोलकीवाल्याच्या पाठीवर थाप मारतात आणि बेसवाल्याला विचारतात, "तुमच्या गिटारला एक तार कमी कशी?" म्हणून हा धागा फक्त आपल्यासाठी. विषय एकच: सायर कंपनीचा मार्कस मिलर व्ही-७, पाच तारांचा बेस गिटार.

नव्या मंडळींसाठी थोडी पार्श्वभूमी. मार्कस मिलर हा अमेरिकन बेसवादक, १९५९ सालचा, ब्रुकलिनचा. ऐंशीच्या दशकात जॅझ ट्रम्पेटवादक माइल्स डेव्हिसबरोबर त्याने जे काम केलं, त्याने त्याचं नाव जगभर झालं. त्याची खरी ओळख म्हणजे १९७७ चा फेंडर जॅझ बेस. न्यूयॉर्कच्या रॉजर सॅडोव्स्की या बेस बनवणाऱ्याने त्यात प्रीॲम्प (सेलवर चालणारं, आवाज घडवणारं सर्किट) बसवून दिला आणि तो कडक, चकचकीत स्लॅपचा, म्हणजे तारेवर अंगठा आपटून काढलेला आवाज जन्माला आला. फेंडरनेही पूर्वी त्याच्या नावाचे बेस काढले होते. सायर ही कोरियन कंपनी, बेस बनतात इंडोनेशियात, आणि परवडतात. गंमत अशी की ज्याचं नाव घेऊन आपण पाचवी तार विकत घेतो, तो गाजला चार तारांवर.

ज्यांनी स्वतः वाजवलाय त्यांनीच लिहा. कॅटलॉग आम्हीही वाचलेत. काय वाजवता, कुठल्या सिस्टीमवर वाजवता ते सांगा. किमतीचा काथ्याकूट नको.

सुरुवात माझ्यापासून. मी पुण्यात गझल आणि फ्यूजनच्या मैफलींना वाजवतो, स्लॅप जवळजवळ नाहीच. माझ्यासाठी या बेसचा जीव त्याच्या मिडच्या, म्हणजे ना खर्ज ना टीप अशा मधल्या आवाजाच्या बटणात आहे. तिथे एकावर एक अशी दोन बटणं आहेत: एकाने मिड कमी-जास्त होतो, दुसऱ्याने कुठला मिड ते ठरतं. तबला आणि हार्मोनियमच्या मधली जी चिंचोळी जागा असते, ती याने बरोबर सापडते. बेसचं, म्हणजे खर्जाचं बटण मी मधल्या खाचेवरून हलवतही नाही.

सांगली, ऑर्केस्ट्रा

मी हा बेस घेतला तो पट्ट्यांसाठी. आमच्याकडे गायक स्टेजच्या पायऱ्या चढता चढता सांगतो, "आज काळी एक." कालच्या गावात तेच गाणं काळी दोनमध्ये झालेलं असतं. चारतारीवर सगळ्यात खालचा सूर म्हणजे पांढरी तीन, आपला ई. काळी एकचा सा हवा तर ए तारेच्या चौथ्या फ्रेटवर (गळ्यावरच्या चौथ्या पट्टीच्या घरात) जावं लागतं. सूर बरोबर असतो, पण गाण्याखालची जमीन वर उचलल्यासारखी वाटते. पाचतारीवर तोच सा बी तारेच्या, म्हणजे जास्तीच्या जाड तारेच्या दुसऱ्या फ्रेटवर, एक सप्तक खाली. पांढरी एक पहिल्या फ्रेटवर, पांढरी दोन तिसऱ्यावर, काळी दोन चौथ्यावर. मराठी-हिंदी ऑर्केस्ट्रातली निम्मी गाणी या चार घरांत राहतात.

दुसरा फायदा लोक सांगत नाहीत. पाचव्या फ्रेटवर हात ठेवला की बी तारेवर ई मिळतो, म्हणजे मोकळी ई तार वाजवायची गरज संपली. मोकळी तार घुमत राहते, दाबलेली हवी तिथे तोडता येते. ठेक्याच्या गाण्यात हा फरक नाचणाऱ्यांच्या पायांत दिसतो.

आता कडू भाग. बी तारेचा मूळ सूर सुमारे ३१ हर्ट्झ, ई चा ४१. गावच्या मैदानावर दोन बाजूंना पंधरा इंची टॉप (मुख्य स्पीकर), सब (खास खर्जाचा स्पीकर) असला तर नशीब. ते टॉप पन्नासच्या खाली हात टेकतात. त्यात साऊंडवाल्याने चॅनलवर लो-कट (खालचे सूर गाळणारं बटण) दाबून ठेवलेला. म्हणजे लोकांना ऐकू येतो तो ६२ चा वरचा स्वर, बाकीचं कान आपोआप भरून काढतो. नवी पोरं इथे बेसचं बटण उजवीकडे पिळतात आणि स्पीकरचा कागद फडफडायला लागतो. उलट करा. बेस थोडा कमी, मिड वर, बोटं पुलाकडे (तारा जिथे बॉडीवर टेकतात तिकडे) सरकवा. खालचा सा स्पष्ट कळतो.

आणखी एक दुखणं: हल्ली की-बोर्डवाला डाव्या हाताने बेस उरकतो, त्यामुळे आयोजक विचारतात तुमची गरज काय. ते या धाग्याचं काम नाही, पण लिहिल्याशिवाय राहवलं नाही.

वसई, चर्चचं गायनमंडळ

मिस्सेला वाजवतो. आवाज कमी, शांतता भरपूर, त्यामुळे गुणगुण लपत नाही. पिकअप (तारांचा कंप टिपणारी चुंबकं) सिंगल कॉइल, म्हणजे एकेका गुंडाळीचे आहेत. ब्लेंडचं (दोन पिकअपचं प्रमाण ठरवणारं) बटण एका टोकाला नेलं की जवळच्या डिमरची आणि ट्यूबलाइटची घूं ऐकू येते. दोन्ही पिकअप सारखे ठेवले की ती मरते, कारण दोघांची गुंडाळी एकमेकांविरुद्ध असते. हा या जातीच्या सगळ्याच बेसचा स्वभाव. मी ब्लेंड मध्यावर ठेवून विसरून जातो आणि टोनचं बटण निम्म्याच्या खाली आणतो. तो टोन व्हॉल्यूमच्याच बटणावर बसवलाय. अंधारात चुकून दोन्ही फिरतात, हे मात्र सवयीने सुटतं.

नाशिक, बाईमाणूस बेसवर

नाव पाहून घेतला नाही, गळा आवडला म्हणून घेतला. फ्रेटबोर्डच्या कडा गोलसर घासलेल्या आहेत, नवा असूनही हाताला जुना लागतो. पाच तारा म्हणजे गळा रुंद, हे खरं. पण अंगठा गळ्याच्या मागे मध्यावर ठेवला आणि मनगट सरळ राहिलं तर माझ्या हातालाही पोचतं. स्केल, म्हणजे मोकळ्या तारेची लांबी, ३४ इंचच आहे, काही पाचतारींसारखं ३५ नाही.

माझा ॲश लाकडाचा, मेपल फ्रेटबोर्डचा. आवाज खणखणीत, आणि वजनही तसंच. दीड तास उभं राहिलं की डावा खांदा बोलायला लागतो. चार बोटं रुंद, आतून गादी असलेला पट्टा लावल्यापासून बरं आहे. घरी सराव बसूनच करते.

पाचतारीची खरी मेहनत उजव्या हाताला. बी तार नुसती जवळून गेलं तरी गुरगुरते. ई तारेवर वाजवताना अंगठा बी वर टेकलेला. ए वर गेलं की अंगठा ई वर, त्याची कड बी ला चिकटलेली. डी वर गेलं की अंगठा ए वर आणि मोकळी अनामिका ई वर. हे हळू लयीत रोज करून बघा. मला पाचतारी बसली ती याने.

ठाणे, दांडिया

सेलचं बोलतो. यात नऊ व्होल्टचे दोन चौकोनी सेल लागतात, म्हणून प्रीॲम्प १८ व्होल्टवर चालतो आणि जोरात तार ओढली तरी आवाज फाटत नाही. पण केबल जॅकमध्ये आहे तोवर सेल खर्च होत असतात. अष्टमीच्या रात्री भर गरब्यात आवाज आधी खरखरला, मग बारीक झाला. व्हॉल्यूमजवळची छोटी दांडी पॅसिव्हवर (प्रीॲम्प बंद) टाकली, बेस पुन्हा बोलायला लागला. टोनचं बटण तिथेही चालतं, बेस, मिड, ट्रेबल तिन्ही गप्प. नाचणाऱ्यांना पत्ताही लागला नाही. काहींच्या बेसवर ही दांडीच नसते, सेल गेले की खेळ खलास.

मुंबई, रेकॉर्डिंग

वरच्या ठाणेकरांना जी आणीबाणीची सोय वाटते ती माझी रोजची जागा. स्टुडिओत मी पॅसिव्हच ठेवतो, डीआयमधून (बेस थेट रेकॉर्डिंगला जोडणाऱ्या डबीतून) सरळ. मिक्स करणाऱ्याला नंतर जे हवं ते त्याला करू द्यावं. प्रीॲम्पचा ट्रेबल वाढवला की तारेवर बोट घसरल्याचा आवाजही वाढतो, आणि हेडफोनमध्ये तो फार बोचतो.

नारायणगाव, लावणीचे कार्यक्रम

थोडक्यात. लावणीत बी तार वापरू नका. ढोलकीची डाव्या हाताची बाजू आणि बी तार एकाच खोलीत राहतात, भांडण ठरलेलं. जिथे ढोलकीवाला मोकळा सुटतो तिथे बेसने वरच्या सप्तकात जाऊन दोनच सूर धरावेत. बी तार मी अंगठा टेकायला वापरतो. त्यासाठी मात्र झकास आहे!

मडगाव, तियात्र (कोकणी संगीत नाटक) आणि लग्नं

आमच्याकडे बेसचा शत्रू हवा. समुद्र जवळ, घाम भरपूर, नव्या तारांची चमक लवकर जाते. वाजवून झालं की कोरड्या सुती फडक्याने तारा वरून आणि खालूनही पुसायच्या, खालची बाजू कोणी पुसत नाही. आम्ही कोटेड (संरक्षक थर दिलेल्या) तारा लावतो, पाचतारीचा संच ४५ पासून १३० पर्यंतच्या जाडीचा.

पावसात गळा हलतो. लाकूड आहे, हलणारच. तपासायची सोपी रीत: पहिली आणि शेवटची फ्रेट एकाच वेळी दाबा आणि मध्ये, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेटमध्ये व्हिजिटिंग कार्ड सरकतं का बघा. जेमतेम सरकलं तर ठीक. ढिलं जात असेल तर ट्रस रॉड (गळ्यातली, त्याचा बाक सरळ करणारी सळई) पाव वळसा आवळा, एक रात्र थांबा, मग परत बघा. इथल्या एका दुकानात दिला होता तर त्याने गळ्याला हातही न लावता पुलावरच्या खुर्च्या (तारा उचलून धरणारे आधार) खाली केल्या, बी तार प्रत्येक फ्रेटवर खडखडायला लागली. तेव्हापासून ॲलन की माझ्याच खिशात असते.

टोरंटो

मडगावच्या उलट दुखणं इथे. हिवाळ्यात हीटर चालू, हवा कोरडी ठक्क, फ्रेटबोर्ड आकसतो आणि फ्रेटची टोकं बाहेर येऊन तळहाताला खरचटतात. केसमध्ये ओलावा देणारी पुडी ठेवतो, मार्चपर्यंत.

या धाग्यावर स्लॅपची बाजू घेणारा मी एकटाच दिसतोय. अहो, मार्कस मिलरचं नाव आहे त्यावर! अंगठा गळ्याच्या शेवटी, फ्रेटबोर्ड संपतो तिथे आपटून बघा, ट्रेबल आणि बेस थोडे वर, मिड जरा खाली. नव्या तारा असतील तर तो आवाज लगेच ओळखू येतो. फक्त बी तारेवर स्लॅप करू नका, जाड तार अंगठ्याखाली लोळते. अंगठा ई आणि ए वर, बोटाने पॉप (तार ओढून सोडणं) डी आणि जी वर. आणि पाचतारीवर तारा जवळजवळ असल्याने पॉपचं बोट सुरुवातीला शेजारच्या तारेत अडकतं. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात मी कोळीगीतात चार मात्रांचा स्लॅप घुसवतो. ज्येष्ठांना आवडत नाही. मुलांना आवडतो.

पुणे, परत चारतारीवर

चांगला बेस आहे, माझा नाही. वर्षभर वाजवला. बी तार कधी लागते याचा हिशोब केला, तर रॉकच्या आमच्या गाण्यांत जवळजवळ नाहीच. जिथे खालचा डी लागतो तिथे ई तार एक स्वर उतरवून घेतो, दोन गाण्यांसाठी पाचवी तार सांभाळत बसण्यापेक्षा सोपं. आणि पाच तारांत माझा डावा हात आळशी झाला होता. सगळं एकाच जागेवर मिळतंय म्हटल्यावर तो वर जाईचना. सांगलीकरांना जे सुख वाटतं तेच मला खटकलं. आता बेस कपाटावर आहे, ऑल्डरचा, एबनी फ्रेटबोर्डचा. गिऱ्हाईक शोधतोय.

सांगली, ऑर्केस्ट्रा

पुणेकर, तुमची ओळ कळली. हात आळशी होतो हे खरं आहे. पण रात्रीची वेळ, चाळीस गाणी, आणि प्रत्येक गायकाची पट्टी वेगळी असली की आळशी हातच पहाटेपर्यंत टिकतो.

नाशिक

पुणेकर, ऑल्डरचा असेल तर विकू नका, आधी वजन करून सांगा. माझ्या ॲशवाल्यापेक्षा हलका निघाला तर अदलाबदल करू. पट्टा मात्र माझा मीच ठेवणार.