लेकरू परत पाठवंना, काय करावं?

भाऊ-वहिनी वर्षभरापासून वेगळे राहायलेत, लेकरू 7 वर्षाचं, परभणीला आईजवळ राहून शाळेत जातंय. दिवाळीला भावानं लातूरला आणलं ते आता परत पाठवंना, म्हणतो इथंच लेकराच्या ताब्याची केस टाकतो. लेकरू दप्तर उशाला घेऊन झोपायलंय, बघवत नाही हो.

— ताई, 1890 च्या गार्डियन्स (पालकत्वाच्या) कायद्यानं लेकरू नेहमी राहतंय तिथल्याच कोर्टात अर्ज करावा लागतो, म्हणजे परभणी. असं ठेवून घेऊन भावाचीच बाजू कमजोर होईल.

— 5 वर्षाच्या आतलं सहसा आईकडंच देतात, समजतं झालं की त्याची इच्छा पण बघतात. पण घरी 'कोण पाहिजे' विचारू नका, आमची भाची त्यापायी जेवंना झाली होती.

— भावाशी बोलले. उद्याच्या एसटीनं मीच सोडून येते, शाळा बुडायलीय.