स्टायव्हसंटमध्ये जागा मिळाली आहे. कॉलेजप्रवेशाच्या दृष्टीने ती घ्यावी का?

मीरा_क्वीन्स:

नमस्कार. माझी मुलगी न्यूयॉर्कच्या सरकारी शाळेत आठवीत शिकते. तिने एसएचएसएटी ही शहरातल्या आठ खास सरकारी हायस्कूलांची प्रवेश परीक्षा दिली होती आणि गेल्या आठवड्यात निकाल लागून तिला स्टायव्हसंट हायस्कूलमध्ये जागा मिळाली. दरवर्षी २५ हजारांच्या आसपास मुले या परीक्षेला बसतात आणि या आठ शाळांत मिळून सुमारे ४ हजार जणांना प्रवेश मिळतो. त्यामुळे घरात आनंद आहे आणि तिच्या दोन वर्षांच्या मेहनतीचे चीज झाले, असे आम्हां दोघांनाही मनापासून वाटते. तरीही होकार कळवण्यापूर्वी एक प्रश्न मनातून जात नाही.

आम्ही क्वीन्सच्या पूर्व टोकाला राहतो. आधी बस, मग भुयारी रेल्वे आणि शेवटी हडसनच्या काठापर्यंत पायी, असा एका वेळचा प्रवास दीड तासाच्या घरात जाईल. दुसरीकडे घरापासून वीस मिनिटांवरच्या एका सरकारी हायस्कूलच्या ऑनर्स विभागातही (अभ्यासात पुढे असलेल्या मुलांच्या तुकडीतही) तिचे नाव लागले आहे. त्या शाळेचे नाव आमच्या ओळखीत कोणी घेत नाही. पण आम्ही ती पाहायला गेलो तेव्हा गणिताच्या बाईंनी तिला फळ्यापाशी बोलावून एक प्रमेय तिच्याच तोंडून पूर्ण करवून घेतले आणि परतीच्या वाटेवर ही त्याचीच दुसरी सिद्धता पावतीच्या मागे मांडत बसली होती.

माझ्या यजमानांचे म्हणणे असे की स्टायव्हसंटमधून दरवर्षी हार्वर्ड, एमआयटी, कोलंबिया, कॉर्नेल येथे मुले जातात, तेव्हा अर्जावर त्या शाळेचे नाव असणे हेच निम्मे काम आहे. मला वाटते की एकेका इयत्तेत आठशेच्या आसपास मुले असतील आणि सगळीच हुशार असतील, तर एखादे कॉलेज त्यांतली घेऊन घेऊन किती घेणार? शाळेमुळे प्रवेशाची शक्यता खरोखर वाढते का, की ही मुले कुठेही शिकली असती तरी तिथवर पोहोचलीच असती?

हेमंत_ब्रुकलिन:

मीराताई, मुलीचे मनापासून अभिनंदन. तुमच्या प्रश्नाच्या दुसऱ्या अर्ध्या भागातच बरेचसे उत्तर आहे.

या शाळांचा प्रवेश १९७१ च्या राज्य कायद्याने एकाच परीक्षेवर बांधलेला आहे. शाळेतले गुण, शिफारस, मुलाखत यांतले काहीही त्यात धरले जात नाही. म्हणजे शहरातली परीक्षेत सर्वांत पुढे असणारी मुले आधीच वेचून एका इमारतीत आणली जातात आणि चार वर्षांनी त्यांतली बरीच मुले मोठ्या कॉलेजांत गेली की त्याचे श्रेय इमारतीला दिले जाते. शाळेने स्वतः काय भर घातली हे पाहायचे असेल, तर कटऑफच्या (प्रवेशासाठी लागणाऱ्या किमान गुणांच्या) जेमतेम वर राहिलेल्या आणि जेमतेम खाली राहिलेल्या मुलांची तुलना करावी लागते, कारण एखाद्या गुणाने आत गेलेला आणि एखाद्या गुणाने बाहेर राहिलेला यांच्या कुवतीत फरक नसतो. विल डॉबी आणि रोलंड फ्रायर या अर्थतज्ज्ञांनी न्यूयॉर्कच्या तीन जुन्या परीक्षा शाळांसाठी (म्हणजे परीक्षेवर प्रवेश देणाऱ्या शाळांसाठी) नेमके हेच केले. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात कॉलेजला जाणे, पदवी पूर्ण करणे आणि कॉलेजचा दर्जा या तिन्ही बाबतींत फारसा फरक आढळला नाही. त्याच वर्षी जोशुआ अँग्रिस्ट, पराग पाठक आणि अब्दुलकादिरोलू यांनी बॉस्टन आणि न्यूयॉर्क येथील अशा शाळांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांतही आत गेल्यावर सोबतची मुले एकदम बदलतात, पण परीक्षांमधली कामगिरी त्या प्रमाणात बदलत नाही, असेच दिसले.

आता घरचे सांगतो. माझा मुलगा अशाच एका शाळेतून (नाव मुद्दाम घेत नाही) तीन वर्षांपूर्वी बाहेर पडला. अकरावीच्या अखेरीस तो भौतिकशास्त्राच्या शिक्षकांकडे शिफारसपत्र मागायला गेला, तेव्हा त्यांनी त्या वर्षी लिहायच्या पत्रांची संख्या ठरवून टाकली होती आणि ती यादी दोन दिवसांपूर्वीच भरली होती. त्यात शिक्षकांचा दोष होता असे मी म्हणणार नाही. शंभर मुले दारात उभी राहिली तर माणूस काय करणार? शाळेच्या समुपदेशकांनी पालकांसाठी एक प्रश्नावली पाठवली होती, कारण त्यांच्याकडे इतकी मुले होती की प्रत्येकाला ओळखणे शक्यच नव्हते. मी आणि माझी पत्नी रात्री साडेअकरा वाजता स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून ‘तुमच्या पाल्याचे वर्णन तीन विशेषणांत करा’ या ओळीपुढे लिहीत आणि खोडत होतो. त्याच्याविषयी कॉलेजला जे सांगितले जाणार होते, ते शाळेने चार वर्षांत पाहिलेले नसून आम्ही एका रात्रीत सुचवलेले असणार, ही गोष्ट मला तेव्हा फार लागली. तो आज सरकारी विद्यापीठात उत्तम शिकतो आहे आणि समाधानी आहे, पण त्याच्या ९१ च्या सरासरीने त्याला चार वर्षे आपण सामान्य आहोत असे वाटायला लावले, हेही खरेच.

अनघा_जे:

हेमंतराव, तुमचा अनुभव वाचून वाईट वाटले, पण त्या अभ्यासांचा अर्थ तुम्ही थोडा ताणला आहे असे मला वाटते. स्टायव्हसंटचा कटऑफ आठही शाळांत सर्वांत वर असतो. त्याच्या किंचित खाली राहिलेली मुले घराजवळच्या शाळेत जात नाहीत, तर त्यांतली पुष्कळशी याच आठांतल्या ब्राँक्स सायन्स किंवा ब्रुकलिन टेकला जातात. म्हणजे त्या रेषेवर झालेली तुलना एका नामांकित शाळेची दुसऱ्या नामांकित शाळेशी असते आणि त्यावरून मीराताईंच्या समोरचा पर्याय तोलता येत नाही. शिवाय हे निष्कर्ष कटऑफच्या आसपासच्या मुलांविषयी आहेत. ज्या मुलीचे गुण त्याच्या बरेच वर आहेत तिच्याविषयी ते काही सांगत नाहीत.

माझ्या मुलीला सहावी ते आठवीपर्यंत वर्गात गणितावर बोलायला एकही सोबती नव्हता आणि ती हळूहळू हात वर करायचीच बंद झाली होती. परीक्षा शाळेत गेल्यावर पहिल्याच महिन्यात डबा खाताना वाद घालणारी चार मुले तिला भेटली. तिला कॉलेज कोणते मिळाले याच्याशी त्या चौघांचा संबंध होता की नव्हता हे मोजता येणार नाही, पण ती पुन्हा हात वर करू लागली, हे मी डोळ्यांनी पाहिले आहे. तुमच्या मुलीला तशी सोबत घराजवळच्या शाळेत मिळणार आहे का, याची चौकशी आवर्जून करा. फळ्यापाशी बोलावणाऱ्या बाई मोलाच्या आहेतच, पण त्या एकट्याच असतील तर चार वर्षे पुरणार नाहीत.

अर्जवाचक:

मी काही वर्षे एका खासगी विद्यापीठाच्या प्रवेश विभागात अर्ज वाचण्याचे काम केले आहे, म्हणून शाळेचे नाव प्रत्यक्षात कसे वाचले जाते तेवढे सांगतो.

अर्जासोबत शाळेकडून ट्रान्स्क्रिप्ट (चार वर्षांचे गुणपत्रक), समुपदेशकाचे पत्र आणि शाळेची ओळख करून देणारे एक-दोन पानांचे पत्रक येते. त्या पत्रकात कोणते एपी (कॉलेजच्या पातळीचे) विषय शिकवले जातात, गुणांची वाटणी कशी आहे, किती मुले चार वर्षांच्या कॉलेजला जातात, हे दिलेले असते. कॉमन ॲपच्या (अनेक कॉलेजांना चालणाऱ्या सामाईक अर्जाच्या) शाळा-अहवालात समुपदेशकाला असेही विचारलेले असते की या विद्यार्थ्याने घेतलेले विषय त्याच शाळेतल्या कॉलेजकडे निघालेल्या इतर मुलांच्या तुलनेत किती खडतर आहेत. ‘त्याच शाळेतल्या’ हे शब्द इथे महत्त्वाचे आहेत. वाचणारा प्रत्येक अर्ज त्या शाळेत उपलब्ध असलेल्या संधींच्या चौकटीत बघतो आणि एका शाळेचे अर्ज पुष्कळदा एकापाठोपाठ एक वाचले जातात. आमच्याकडे कोणत्याही शाळेसाठी ठरलेला कोटा नव्हता. पण एकाच शाळेतून साठ अर्ज आले की त्यांची एकमेकांशी तुलना आपोआपच होते, हे नाकारण्यात अर्थ नाही.

थॉमस एस्पेनशेड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ साली तीन अतिनिवडक विद्यापीठांच्या अर्जांचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. तेवढीच गुणवत्ता असलेल्या मुलाला, आजूबाजूला हुशार मुलांची दाटी असलेल्या शाळेतून अर्ज करताना थोडा तोटा होतो, असे त्यात दिसले. हा तोटा मोठा नाही, हेही सांगायला हवे. चांगल्या शाळेतली खडतर तयारी त्याची काही अंशी भरपाई करते, कारण तिथले ९३ म्हणजे काय हे वाचणाऱ्याला माहीत असते, तर अनोळखी शाळेतल्या ९८ विषयी त्याला विचार करावा लागतो. वासरात लंगडी गाय शहाणी, असे म्हणून घराजवळची शाळा निवडणाऱ्यांना मी म्हणूनच सावध करतो: तिथे पहिला येणे पुरत नाही, तिथे उपलब्ध असलेले सगळ्यांत अवघड विषय घेतलेले असावे लागतात, आणि ते नसतील तर मुलीने शहरातल्या सिटी युनिव्हर्सिटीचे वर्ग किंवा आणखी काही शोधून केलेले असावे लागते.

आणखी एक गोष्ट. ‘नामांकित शाळांचा फायदा’ म्हणून जे बोलले जाते त्यातला बराचसा महागड्या खासगी शाळांचा असतो. राज चेट्टी, डेव्हिड डेमिंग आणि जॉन फ्रीडमन यांच्या २०२३ च्या अभ्यासात दिसले की एसएटी या कॉलेजप्रवेशाच्या परीक्षेत सारखेच गुण असूनही सर्वांत श्रीमंत एक टक्का घरांतल्या मुलांचे आयव्ही लीग (हार्वर्ड, कोलंबिया, कॉर्नेल यांसह आठ जुनी विद्यापीठे) आणि तत्सम कॉलेजांत जाण्याचे प्रमाण मध्यमवर्गीय घरांतल्या मुलांच्या दुपटीहून जास्त आहे. त्याची मुख्य कारणे माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना मिळणारे झुकते माप, खेळाडूंची भरती आणि अभ्यासाबाहेरच्या गोष्टींना मिळणारे गुण ही आहेत. सरकारी परीक्षा शाळेतल्या मुलाला यांतले बहुतेक काहीच आपसूक मिळत नाही.

सुलभा_ह्यूस्टन:

आमच्या टेक्सासात १९९७ च्या कायद्याने प्रत्येक हायस्कूलच्या वरच्या दहा टक्के मुलांना राज्यातल्या सरकारी विद्यापीठांत थेट प्रवेश मिळू लागला आणि ऑस्टिनच्या विद्यापीठासाठी ती मर्यादा पुढे आणखी आवळली गेली. त्यामुळे इथे शाळा निवडताना ‘आपला क्रम कितवा लागेल’ हा हिशेब पालक उघडपणे करतात. न्यूयॉर्कमध्ये तसा कायदा नाही, म्हणून इथल्या ओळखीच्या कोणी ‘लहान शाळा घ्या, क्रम वर लागेल’ असा सल्ला दिला असेल, तर तो तुमच्याकडे जसाच्या तसा लागू पडत नाही.

हेमंत_ब्रुकलिन:

अनघाताई, ब्राँक्स सायन्सचा मुद्दा बरोबर आहे आणि तो मी लिहायला हवा होता. मीराताई, खर्चाचाही विचार आत्ताच करून ठेवा. आयव्ही लीगमध्ये गुणवत्तेवर शिष्यवृत्ती नसते, मदत फक्त उत्पन्न पाहून मिळते. सिटी युनिव्हर्सिटीच्या मॅकॉले ऑनर्स कॉलेजमध्ये न्यूयॉर्कच्या रहिवाशांना शिक्षणशुल्क भरावे लागत नाही आणि तिथे पोहोचायला या दोनपैकी कोणतीही शाळा चालते.

मीरा_क्वीन्स:

सगळ्यांचे मनापासून आभार. काल हे सगळे आम्ही दोघांनी आणि मुलीने एकत्र बसून वाचले. यजमानांनी मान्य केले की शाळेच्या नावाने कॉलेजचे दार उघडते असे धरून निर्णय घेता येणार नाही. अनघाताईंचे सोबत्याविषयीचे वाक्य मुलीने दोनदा वाचले आणि म्हणाली, “तिथे मला विचारायचे आहे की बाईंच्या वर्गात आणखी कोण आहे.” म्हणून मंगळवारी ती घराजवळच्या शाळेत एक दिवस बसून येणार आहे, तिथल्या समुपदेशकांकडे किती मुले असतात आणि कॅल्क्युलसच्या पुढे काय शिकवतात, हे मी विचारणार आहे. त्याआधी, सोमवारी सकाळी पावणेसातला, आम्ही दोघी दप्तर पाठीवर घेऊन स्टायव्हसंटजवळच्या चेंबर्स स्ट्रीटपर्यंत जाऊन येणार आहोत. भुयारी रेल्वेच्या ई गाडीत तिला बसायला जागा मिळते का आणि पोहोचेपर्यंत ती वाचू शकते का, ते पाहायचे आहे.